ओळ संपलीच नाही

मंगळवार, २६ डिसेंबर २०२३, सकाळी ८:४०. हैदराबादच्या उत्तरेला, शामीरपेटकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं औषधांचं गोदाम. शीतगृहाच्या दाराबाहेरच्या पट्टीवर आकडा आहे १९.४ अंश सेल्सिअस. आत इन्सुलिन आणि लशींची ४१२ खोकी. हा माल २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो. ८ अंशांची रेघ ओलांडून त्याला ५३ तास झाले आहेत.

हे गोदाम आणि त्यातली माणसं मी कल्पिली आहेत. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या आवृत्त्या आणि सेटिंग, सर्व्हरची उत्तरं, टेलनेटची वागणूक, मेलच्या नियमांचा इतिहास आणि त्या इतिहासाच्या तारखा खऱ्या आहेत. मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याला यातली एकेक पायरी ओळखीची वाटेल. म्हणूनच ती घड्याळासकट मांडतो आहे.

ऑगस्ट १९८२. जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिलं. एका यंत्रानं दुसऱ्या यंत्राला मेल कसा द्यायचा, याचा हा नियम. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं लागतात, सीआर आणि एलएफ. टेलिप्रिंटरवर पहिलं चिन्ह छापणारा गाडा डावीकडे नेत असे आणि दुसरं कागद एक ओळ वर सरकवत असे. पत्राचा शेवट सांगायचा तर सीआर-एलएफ, मग एकटं टिंब, मग पुन्हा सीआर-एलएफ. युनिक्समध्ये मात्र ओळ एकट्या एलएफवर संपते. त्यामुळे घाईत लिहिलेले प्रोग्रॅम फक्त एलएफ पाठवू लागले आणि पुष्कळ सर्व्हर ते चालवून घेऊ लागले. पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा, हे तत्त्व पोस्टेल यांनीच १९८० साली इंटरनेटच्या दुसऱ्या एका नियमात लिहून ठेवलं होतं.

एप्रिल २००१. आरएफसी २८२१ आलं. एकट्या एलएफला ओळीचा शेवट मानू नका, उदारपणाच्या नावाखालीही नको, असं त्यात स्पष्ट बजावलं होतं. ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ नं तेच पुन्हा सांगितलं. डॅनियल बर्नस्टाइन यांचं क्यूमेल हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर १९९० च्या दशकापासूनच अशी ओळ नाकारत होतं. लोकांना तो हेकटपणा वाटे. माझ्या मते त्या काळात बरोबर वागणाऱ्या थोड्यांपैकी ते एक होतं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये हैदराबादच्या माधापूरला सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं. पुढच्याच महिन्यात आयबीएमनं वीत्से वेनेमा यांचा मेल सर्व्हर जगासाठी खुला केला. तोच पुढे पोस्टफिक्स म्हणून नावाजला. टॉवर्सभोवती कंपन्या वाढल्या आणि त्यांतल्या काहींच्या मेलखोलीत हाच सर्व्हर गेला. पोस्टफिक्सशी हातानं बोलून बघितलं की मजकूर घेण्याआधी तो ३५४ हा आकडा देतो आणि पुढे लिहितो, मजकूर सीआर-एलएफ, टिंब, सीआर-एलएफनं संपवा. नियम पडद्यावर येत होता. पण एलएफ, टिंब, एलएफ पाठवलं तरी सर्व्हर ते मुकाट्यानं घेत होता. पंचवीस वर्षं हे असंच चाललं.

जून २०२३. ऑस्ट्रियातल्या एसईसी कन्सल्टच्या टिमो लॉंगिन यांच्या लक्षात आलं की याच उदारपणातून खोटा मेल आत नेता येतो. पत्राच्या मजकुरात मध्येच एलएफ, टिंब, सीआर-एलएफ असं घालायचं. पाठवणारा सर्व्हर त्याला मजकूर समजून पुढे ढकलतो. घेणारा सर्व्हर पत्र तिथे संपलं असं समजतो आणि उरलेला मजकूर नवी आज्ञा म्हणून वाचतो. त्यात ‘मेल फ्रॉम’पुढे हवं ते नाव टाकता येतं. पत्र खऱ्याच सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेलं असतं, त्यामुळे पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता पडताळणारी एसपीएफची तपासणी पार पडते. या प्रकाराला त्यांनी एसएमटीपी स्मगलिंग हे नाव दिलं.

जुलैमध्ये जीएमएक्स, मायक्रोसॉफ्ट आणि सिस्को यांना कळवण्यात आलं. जीएमएक्सनं ऑगस्टमध्ये दुरुस्ती केली, मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबरमध्ये. सिस्कोनं हा दोष नसून सेटिंगचा भाग असल्याचं सांगितलं. ज्यांच्या सर्व्हरवर हा सगळा खेळ पोहोचत होता त्या पोस्टफिक्सवाल्यांपर्यंत धोक्याचं गांभीर्य वेळेत गेलं नाही.

सोमवार, १८ डिसेंबर. शोध जाहीर झाला. नाताळाची सुट्टी आठवड्यावर होती. अमेरिकन ग्राहकांची कामं करणाऱ्या पुष्कळ कंपन्यांत या दिवसांत चालू यंत्रणेला हात लावायला बंदी असते. ऐन सुट्टीच्या तोंडावर हे जाहीर झाल्याची नाराजी पोस्टफिक्सनं आपल्या निवेदनात लिहिली. तरीही शुक्रवारी, २२ तारखेला, चार आवृत्त्या बाहेर पडल्या: ३.८.४, ३.७.९, ३.६.१३ आणि ३.५.२३. सगळ्यांत एक नवी सेटिंग होती. त्या आवृत्त्यांत ती ‘यस’ केली की एकटा एलएफ पाठवणाऱ्या यंत्राला सर्व्हर ५२१ सांगत असे आणि फोन ठेवत असे.

शनिवार, २३ डिसेंबर, दुपारी ४:०५. गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या माधापूरच्या कचेरीत मेल अ‍ॅडमिन एकटाच आहे. मूळचा नांदेडचा, हैदराबादेत बारा वर्षं. त्यानं निवेदन वाचलं. त्यात एक वाक्य आहे: आपल्या जाळ्यातली नेटकॅट, फॅक्स मशीन, लोड बॅलन्सरची तपासणी अशी नियम न पाळणारी साधनं वगळता येतात. वगळण्याच्या यादीत मूळचंच ‘मायनेटवर्क्स’ आहे, म्हणजे कचेरीच्या आतली यंत्रं. फॅक्स मशीन कचेरीत नाही. तो पुढे गेला.

शीतगृह तापलं तर मेलनं कळवणारा गोदामातला तापमापक कचेरीच्या आत नाही. तो ब्रॉडबँडवरून, बाहेरच्या आयपी पत्त्यावरून बोलतो. कंपनीच्याच पत्त्यावर मेल द्यायचा असल्यानं त्याला पासवर्ड लागत नाही आणि सर्व्हरवर त्याची कुठे नोंदही नाही.

सायंकाळी ५:२०. ३.८.४ बसवली. सेटिंग ‘यस’. पोस्टफिक्स रीलोड.

५:२७. कचेरीतल्या स्कॅनरवरून एक पान मेल केलं. आलं. हा स्कॅनरही फक्त एलएफच पाठवतो. पण तो ‘मायनेटवर्क्स’मध्ये बसतो, म्हणून त्याला कुणी अडवलं नाही. ही पहिली चाचणी.

५:३४. दुसरी चाचणी, आणि ती नेमक्या जागी केली गेली. अ‍ॅडमिननं गोदामातल्या मुलाला फोन लावला. तो उदगीरचा. तापमापक ज्या जाळ्यावर आहे त्याच जाळ्यावरच्या विंडोज संगणकावर त्याला बसवलं. टेलनेट आधी चालूच करावं लागलं, कारण व्हिस्टापासून विंडोजमध्ये ते बंद असतं. मग मेलचं पोर्ट २५.

‘काय आलं?’

‘दोनशेवीस आलंय सर. आपल्या सर्व्हरचं नाव दिसतंय.’

‘आता मी सांगतो तसं टाइप कर. चुकलं तर बॅकस्पेस नको, पहिल्यापासून घे.’

ईएचएलओ. मेल फ्रॉम. आरसीपीटी टू. डेटा. मुलानं ३५४ ची ओळ वाचून दाखवली, सीआर-एलएफसकट. मग ‘टेस्ट’, एंटर, टिंब, एंटर.

‘दोनशेपन्नास. ओके, क्यूड असं लिहिलंय.’

‘झालं. थँक्यू रे.’

इथे थांबून काय घडलं ते नीट बघायला हवं. मुलानं एंटर दाबल्यावर टेलनेटनं सीआर आणि एलएफ दोन्ही पाठवले. ते साधनच असं घडलेलं आहे. टेलनेटच्या १९८३ च्या नियमातही ओळीचा शेवट सीआर-एलएफ असाच आहे. म्हणजे जी चूक शोधायची होती ती टेलनेटच्या हातून होऊच शकत नव्हती. रस्ता मोकळा आहे, सर्व्हर जागा आहे, पत्ता बरोबर आहे, एवढं या चाचणीनं सिद्ध केलं. तापमापक कसा बोलतो याबद्दल तिनं काही सांगितलं नाही. तापमापकावर ‘टेस्ट मेल’चं बटण होतं. त्याचा पासवर्ड देखभालीचा वार्षिक करार असलेल्या, म्हणजे एएमसीवाल्या कंपनीकडे होता आणि शनिवारी संध्याकाळी त्यांना फोन करण्याचं कुणाला कारण वाटलं नाही.

६:००. तापमापक रोज या वेळेला ‘सर्व ठीक’ असा मेल पाठवतो. त्यानं सर्व्हरला हॅलो म्हटलं, शेवटी फक्त एलएफ. उत्तर आलं ५२१, आणि लाइन तुटली. ६:०५ ला पुन्हा. ६:१० ला तिसऱ्यांदा. तीन प्रयत्नांनंतर तो थांबतो. हा रोजचा मेल येताच एका फोल्डरमध्ये जावा असा नियम दोन वर्षांपूर्वी लावला होता. तो फोल्डर कुणी उघडत नाही. त्या दिवशी त्यात काही आलं नाही, हे कुणाला कळणार?

६:२०. अ‍ॅडमिननं लॉग उघडला. एकटा एलएफ पाठवल्याबद्दल ११ नकार. त्यातले आठ परदेशी पत्त्यांचे, कचरा मेल पाठवणारे. सेटिंग काम करते आहे, याचा हा पुरावाच होता. उरलेल्या तीन ओळींत एकच भारतीय पत्ता होता, पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं. या सगळ्या घटनाक्रमात मला सर्वांत जड जाते ती हीच जागा. आकडे समोर होते आणि ते हवे तसेच दिसत होते. अ‍ॅडमिननं लॅपटॉप बंद केला. रविवार आणि सोमवारचा नाताळ, दोन दिवस सुट्टी.

रात्री १०:००. गोदामाच्या पहारेकऱ्यानं दाराबाहेरचा आकडा वहीत लिहिला: ४.६. पुढची नोंद मंगळवारी सकाळी, गोदाम उघडल्यावर.

रविवार, २४ डिसेंबर, पहाटे १:१२. विजेच्या तीनपैकी एक फेज गेली. कॉम्प्रेसर जळू नये म्हणून ओव्हरलोड रिले पडला. ठरल्याप्रमाणे.

१:३१. फेज परत आली. रिले हातानं रिसेट करायचा होता, तो तसाच राहिला. राखीव कॉम्प्रेसरमधला गॅस गळत होता. मेकॅनिक २७ तारखेला येणार होता.

२:२०. ६.१ अंश.

३:३४. ८.० अंश. दहा मिनिटं आकडा खाली आला नाही तर अलार्म, अशी मांडणी आहे. डीफ्रॉस्टच्या वेळी दर वेळी हूटर वाजतो म्हणून ऑक्टोबरमध्ये त्याची वायर काढून ठेवली होती. एसएमएसची सोय या मॉडेलमध्ये नाही. राहिला मेल.

३:४४. पहिला अलार्म. ५२१. ३:४९, ५२१. ३:५४, ५२१. पुढचा अलार्म चार तासांनी.

आठ वर्षांपूर्वी बसवल्यापासून हा तापमापक असाच बोलत होता. इतकी वर्षं सर्व्हर त्याची चूक पोटात घालत होता आणि मेल पोहोचत होते. त्यामुळे चूक आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. उदार सर्व्हरचं हे खरं नुकसान मला वाटतं. समोरच्याचा दोष तो कधी कळूच देत नाही, आणि मग एके दिवशी, अगदी योग्य कारणासाठी, तो उदारपणा सोडतो.

सकाळी ६:३०. रात्रीच्या लॉगचा गोषवारा पोस्टमास्टरच्या पेटीत पडला. नकारांच्या लांबलचक यादीत गोदामाच्या पत्त्यापुढे सहा हा आकडा. सुट्टीच्या दिवशी ती पेटी कोण उघडतं?

७:४४. दुसरा अलार्म. १०.३ अंश. ११:४४, तिसरा. दुपारी ३:४४, चौथा, १३.८ अंश. सायंकाळी ६:०० चा ‘सर्व ठीक’चा मेल त्या दिवशीही निघाला. वेळापत्रकाप्रमाणे निघणाऱ्या त्या मेलला तापमानाशी देणंघेणं नव्हतं. तोही परत फिरला.

सोमवार, २५ डिसेंबर. सकाळी १६.५. रात्री १८.२. बाहेर गारवा होता म्हणून आकडा सावकाश चढला. दिवसभरात सहा अलार्म, अठरा नकार. पहारेकरी फाटकावरच्या खोलीत होता. शीतगृहाचं दार तिथून दिसत नाही.

मंगळवार, २६ डिसेंबर, सकाळी ८:४०. फार्मासिस्ट मॅडमनी कुलूप काढलं आणि पट्टी वाचली. ८:५२ ला रिले रिसेट झाला, कॉम्प्रेसर सुरू झाला. ९:०० वाजता ४१२ खोक्यांवर ‘विक्रीस नाही’ची चिठ्ठी लागली. उष्णतेनं गेलेली लशीची ताकद पुन्हा थंड करून परत येत नाही. बाहेरून बघून तर बहुतेकदा काही ओळखू येत नाही.

९:०५. माधापूरला फोन. ‘अलार्मचा मेल का आला नाही?’

९:२०. अ‍ॅडमिननं गोदामातल्या त्याच मुलाला पुन्हा त्याच संगणकावर बसवलं. टेलनेट, पोर्ट २५. दोनशेपन्नास, क्यूड. मेल आला.

९:३५. अ‍ॅडमिन म्हणाला, सर्व्हर ठीक आहे, मशीन बघा. ९:५० ला एएमसीवाल्यांनी दुरून तापमापक तपासला आणि म्हणाले, मशीन ठीक आहे, सर्व्हर बघा. आपापल्या परीनं दोघंही खरंच सांगत होते. मेलच्या नादुरुस्तीत असा तास-दीड तास नेहमीच जातो. दोन्ही टोकं नीट असतात, आणि मधल्या एका बाइटकडे कुणाचं लक्ष नसतं.

१०:५०. अ‍ॅडमिन स्वतः गोदामात पोहोचला. ‘टेस्ट मेल’चा पासवर्ड आता फोनवर मिळाला. त्यानं सर्व्हरवर येणारे बाइट दाखवणारा टीसीपीडंप लावला आणि १०:५८ ला बटण दाबलं.

पडद्यावर बाइट उमटले. ४८ ४५ ४सी ४एफ, म्हणजे एचईएलओ. पुढे एक जागा सोडून यंत्राचं नाव. त्यानंतर ०ए. ०ए म्हणजे एलएफ. त्याच्या आधी ०डी हवा होता. तो नव्हता. टेलनेटच्या सकाळच्या चाचणीत प्रत्येक ओळीच्या शेवटी ०डी ०ए अशी जोडी गेली होती.

११:०५. खात्री करायला त्यानं लॅपटॉपवरून नेटकॅटनं सर्व्हर गाठला. नेटकॅट एंटरला फक्त एलएफ पाठवतं. सीआर हवा असेल तर मोठ्या सीचा पर्याय द्यावा लागतो. ओपनएसएसएलनं जोडलं तरी तीच गत, ‘सीआरएलएफ’ असं वेगळं सांगावं लागतं. पहिलीच ओळ टाइप केली आणि ५२१. ही चाचणी शनिवारी ५:३४ ला झाली असती, तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. हाताशी दोन्ही साधनं होती. एक चूक झाकणारं आणि एक दाखवणारं. सवयीचं होतं ते पहिलं.

११:१२. लॉगमध्ये गोदामाचा पत्ता शोधला. ५५ नकार. एक आत्ताच्या नेटकॅटचा, तीन टेस्ट मेलचे. उरलेले ५१: ‘सर्व ठीक’चे नऊ, अलार्मचे बेचाळीस.

११:३१. वगळण्याच्या यादीत ‘मायनेटवर्क्स’पुढे गोदामाचा पत्ता जोडला. रीलोड. या एका पत्त्यापुरतं जुनं भोक पुन्हा उघडलं, हे त्यानं वहीत लिहून ठेवलं. खाली एएमसीवाल्यांसाठी टीप: फर्मवेअर बदला, ओळ सीआर-एलएफनं संपवा.

११:४४. चार तास भरले. तापमापकानं पंधरावा अलार्म पाठवला. सर्व्हरनं दोनशेपन्नास म्हटलं. फार्मासिस्ट मॅडमच्या फोनवर मेल आला. विषय: तापमान मर्यादेबाहेर. आकडा: १४.१.